ऐंशी-वीसचा हिशेब

'राजकारण' हा शब्द मराठीत घरातल्या माजघरापर्यंत पोहोचला आहे आणि तिथे तो बहुतेक वेळा शिवीसारखाच वापरला जातो. जावा-जावांत कुजबुज झाली की ते राजकारण, कचेरीत कुणाची बढती अडली की ते राजकारण, गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार बदलला की तेही राजकारणच. त्याचा जोडशब्द 'समाजकारण' मात्र कायम सोवळ्यात असतो. शिवसेनेची 'ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण' ही घोषणा इतकी रुजली, याचे कारण ती मराठी मनात आधीपासून असलेला हिशेबच बोलून दाखवत होती. त्या हिशेबानुसार माणूस मुळात समाजात रमणारा, सोशिक, शेजारधर्म पाळणारा प्राणी आहे; राजकारण हे त्याला नंतर लागलेले व्यसन आहे आणि ते वीस टक्क्यांत आटोपले तर बरे. या प्रकरणात या हिशेबाची उलटतपासणी करायची आहे. सोबतीची ओढ माणसात उपजत आहे, पण ती वानरांतही आहे आणि मधमाश्यांतही आहे. सोबतीचे नियम कोणी ठरवायचे, यावर भांडणे आणि भांडून काहीतरी ठरवणे, हेही माणसात तितकेच उपजत आहे. फरक एवढाच की ही दुसरी गोष्ट भाषेसारखी आहे. तिची कुवत जन्मतः मिळते. वापरायला माणसे आणि जागा मिळाली नाही, तर ती मुकी राहते. यासाठीचा पुरावा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात शोधणे सोयीचे आहे, कारण एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना एकत्र राहायला लावण्याचे इतके मोठे आणि इतक्या वेळा झालेले प्रयोग देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, यावर टिळक आणि आगरकर यांची मैत्री तुटली. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला तो याच वादातून. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप वापरू द्यायचा की नाही, यावरून शहर पेटले आणि शेवटी परिषदेला वेगळा मंडप घालावा लागला. मंडप कुणाला द्यायचा, हा प्रश्न सामाजिक होता की राजकीय? दोन्ही बाजूंनी तो तावातावाने लढवला, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, वर्तमानपत्रांत रकाने भरले. समाजकारण वेगळे ठेवा म्हणणाऱ्यांनी ते वेगळे ठेवण्यासाठी जे काही केले, ते सगळे राजकारण होते. त्यापूर्वीच्या मराठी गावगाड्यात तर या दोन गोष्टींना वेगळे शब्दही नव्हते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. 'गोत' म्हणजे सोयरे-भाईबंद, पण सभेत सरकारी अंमलदारही असत आणि गावचे बलुतेदारही. निवाड्याचा महजर लिहिला की कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी, सुतार आपल्या हत्याराची. अक्षर न येणारा माणूस निर्णयातला आपला वाटा अशा रीतीने नोंदवून ठेवी. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण भक्तीची वाटते खरी, पण मुळात ती निर्णय कसा घ्यावा याबद्दलची आहे.

ॲरिस्टॉटलचे जे वाक्य या विषयावर सर्वत्र फिरते, त्याचा प्रवासही असाच गमतीचा आहे. त्याने माणसाला 'पोलिस'मध्ये, म्हणजे नगरराज्यात, राहणारा प्राणी म्हटले. रोमन लेखकांनी आणि पुढे मध्ययुगीन पंडितांनी लॅटिनमध्ये त्याला 'सामाजिक' ही जोड दिली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने दोन्ही विशेषणे शेजारी-शेजारी बसवली. विसाव्या शतकात, १९५८ च्या आपल्या 'द ह्यूमन कंडिशन' या पुस्तकात, हॅना आरेन्टने तक्रार केली की या भाषांतरात मूळ मुद्दाच सांडला. तिची तक्रार अर्धी बरोबर आहे. ॲरिस्टॉटलने 'राजकीय' हे विशेषण केवळ माणसासाठी राखून ठेवले नव्हते, हे ती फारसे सांगत नाही. प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याने मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी आणि करकोचा यांनाही त्याच गटात घातले आहे, कारण हे प्राणी नुसते कळप करून राहत नाहीत, ते मिळून एक काम करतात. माणूस त्यांच्याहून अधिक राजकीय का? तर त्याच्याकडे वाणी आहे. सुख-दुःखाचा आवाज सगळेच काढतात; हे न्याय्य आणि हे अन्याय्य, असे म्हणण्याची सोय एकट्या माणसाला आहे. याच पंडिताने गुलामगिरीलाही 'निसर्गतः' ठरवून टाकले आणि स्त्रियांना सभेबाहेर ठेवले, ही गोष्ट बाजूला ठेवून पुढे जाता येणार नाही. 'स्वभावतः' या शब्दाने जितके दरवाजे उघडले त्याहून जास्त बंद केले आहेत. त्याच्याकडे परत यावे लागेल.

आधी रायसीना टेकडी. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकच्या सज्जांवर लाल तोंडाच्या माकडांच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. त्यांचा उपद्रव एवढा वाढला की २००७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पकडून दक्षिणेकडच्या असोला-भट्टी अभयारण्यात नेऊन सोडायला सांगितले. त्याच वर्षी माकडांना हाकलताना गच्चीवरून पडून दिल्लीचे उपमहापौर सुरिंदरसिंग बाजवा दगावले. ही माकडे समाजशील आहेत यात वाद नाही. टोळीचा कणा माद्यांचा असतो: आई, मुली, नाती. मुलीला आईचा दर्जा मिळतो, आणि बहिणींत धाकटी थोरल्यांच्या वर चढते. नर वयात आले की टोळी सोडून दुसरीकडे नशीब काढतात. कोण कुणाला उवा काढून देतो, कोण भांडणात कुणाच्या बाजूने दात दाखवतो, याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो. एवढी गुंतागुंत पाहून कुणी म्हणेल की यालाच राजकारण म्हणा ना! फ्रान्स द वाल या डच संशोधकाने नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'पॉलिटिक्स' होते. तिथे म्हाताऱ्या नराने तरुण नराशी युती करून तिसऱ्याला खाली खेचले आणि पुढे त्या दोघांनी मिळून त्याला ठार केले. दिल्लीच्या वाचकाला यात अनोळखी काही वाटणार नाही.

हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो मान्य केला तरी माझे काही बिघडत नाही. उलट राजकारण हे संस्कृतीने चढवलेले पुट आहे, ही कल्पना त्याने मोडीतच निघते. पण युती करणे आणि नियम करणे यात फरक आहे. आर्नहेमच्या नरांची लढाई 'वर कोण' यासाठी होती. 'वर कुणी असावेच का, आणि असलाच तर किती दिवस' हा प्रश्न टोळीसमोर मांडायला त्यांच्याकडे साधन नाही. शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी टोळ्यांचा तौलनिक अभ्यास क्रिस्टोफर बोएमने १९९९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यात वारंवार दिसते ते हे की वर चढू पाहणाऱ्याला बाकीचे मिळून खाली ओढतात. आधी थट्टेने, मग बहिष्काराने आणि अगदीच गळ्याशी आले तर हत्येने. कलाहारीतल्या !कुंग लोकांत मोठी शिकार आणणाऱ्याची मुद्दाम टिंगल केली जाते, मांसाला नावे ठेवली जातात, म्हणजे गड्याच्या डोक्यात हवा जाऊ नये. राजा नाही, पोलीस नाही, कचेरी नाही, तरीही सत्तेचा प्रश्न रोजच्या जेवणात हजर. ज्यांना आपण 'केवळ समाज' समजतो, ते सत्तेवर सतत पहारा ठेवणारे लोक असतात. आणि ही कुवत भाषेसारखी आहे असे म्हणताना निकाराग्वाचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिथली बहिरी मुले आपापल्या घरी एकेकटी होती तोवर त्यांच्याकडे चार-दोन खाणाखुणाच होत्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वात शाळा निघून ती एकत्र आली आणि कुणी न शिकवता त्यांच्यात व्याकरण असलेली एक नवी खुणांची भाषा उभी राहिली. कुवत प्रत्येकात होती. अंगण नव्हते.

दिल्लीच्या दक्षिणेला असे एक अंगण १९४९ साली तयार झाले. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर होती, १९५१ मध्ये ती सतरा लाखांपलीकडे गेली. मधल्या काळात फाळणी होऊन गेली होती. किंग्जवे कॅम्प, पुराना किला, कुरुक्षेत्राचा अफाट तंबूंचा गाव, सगळीकडे पश्चिमेकडून आलेली माणसे होती. त्यातला एक गट वायव्य सरहद्द प्रांताचा होता: बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर इकडचे हिंदू आणि शीख. धंद्याने बहुतेक दुकानदार, सावकार, कारकून. पण त्यांच्यातल्या अनेकांनी खान अब्दुल गफार खान ऊर्फ बादशाह खान यांच्या खुदाई खिदमतगारांत काम केले होते, सत्याग्रह कसा करतात ते त्यांना पाठ होते. सरकारचा बेत त्यांना अलवर-भरतपूरच्या बाजूला पांगवण्याचा होता. त्यांनी नकार दिला. आम्ही एकत्रच राहू, आणि दिल्लीजवळ राहू, असे म्हणत त्यांनी राजधानीत निदर्शने केली, अटका करवून घेतल्या. छपराखाली राहणाऱ्या, शिध्यावर जगणाऱ्या माणसाला आधी काय हवे? घर, काम, पोटाला भाकरी. समाजशास्त्रांची पाठ्यपुस्तके असाच क्रम लावतात. या लोकांनी मात्र शिधा मिळत असताना 'आम्हाला कुठे ठेवायचे ते तुम्ही कोण ठरवणार' हा प्रश्न आधी विचारला. पोट भरल्यावर राजकारण सुचते, असे म्हणणाऱ्यांनी या क्रमाकडे जरा नीट पाहावे.

सरकार नमले आणि फरिदाबाद या जुन्या कसब्याशेजारी ३० ते ४० हजार लोकांसाठी नवे गाव वसवायचे ठरले. त्यासाठी विकास मंडळ नेमले गेले. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, मुख्य प्रशासक सुधीर घोष, आणि पंतप्रधान नेहरू स्वतः त्याच्या बैठकांना आवर्जून बसत. घरे कोणी बांधायची हा पहिला वाद झाला. सरकारी बांधकाम खात्याचा कल नेहमीप्रमाणे ठेकेदारांकडे होता, आणि दुकानदारांना विटा कशा रचता येणार, हा त्यांचा सवाल वरवर रास्तच होता. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ मध्ये स्थापलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन आणि त्यात काम करणारे लक्ष्मीचंद जैन यांचा आग्रह असा की गाव निर्वासितांनीच आपल्या सहकारी संस्था काढून बांधावे. तसेच झाले. ज्यांनी हातात कधी थापी धरली नव्हती, त्यांनी गवंडीकाम शिकून हजारोंच्या संख्येने घरे उभी केली. कोलकात्यात जर्मन युद्धभरपाईतून आलेले डिझेलवर चालणारे वीजयंत्र पडून होते, ते आणून बसवण्यात आले. सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम् यांच्या नई तालीमचे वारे आले. इस्पितळ बांधले गेले, त्याला बादशाह खान यांचे नाव दिले गेले आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते ते उघडले.

यात माझ्या दृष्टीने घरांपेक्षा मोलाचे आहे ते घरांच्या आधी झालेले बोलणे. सहकारी संस्था म्हणजे सभासद कोण, दर काय, हिशेब कोण ठेवणार, चुकारपणा करणाऱ्याचे काय करायचे, अध्यक्ष कसा बदलायचा, यांची उत्तरे आधी काढावी लागतात. बन्नूचा माणूस आणि पेशावरचा माणूस गावाकडे शेजारी नव्हते, नात्याचे तर नव्हतेच. गावाचे, बिरादरीचे जुने धागे वाटेत तुटले होते किंवा लांब गेले होते. म्हणजे केवळ समाजशीलतेच्या भांडवलावर हा व्यवहार चालणार नव्हता. ओळखीची माणसे किती सांभाळता येतात याचा अंदाज रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने सुमारे १५० असा बांधला आहे; आकड्यावर वाद आहे, पण काहीतरी मर्यादा आहे हे कुणी फारसे नाकारत नाही. त्या मर्यादेपलीकडे, जिथे समोरच्याची आजी कोण हे ठाऊक नसते, तिथे विश्वास नियमांवर ठेवावा लागतो, आणि नियम भांडून ठरतात. फरिदाबादेत ते भांडून ठरले. पुढे काय झाले तेही सांगायला हवे. पुनर्वसन खात्याला आणि अर्थखात्याला हा स्वायत्त कारभार रुचेना. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच मंडळाचा अधिकार आकसला, गाव खात्याच्या हाती गेले, सहकारी संस्था एकेक करून मोडीत निघाल्या. जैन यांनी पुढे अनेक वर्षांनी 'द सिटी ऑफ होप' या नावाने ही कथा लिहिली. तेच लोक, त्याच विटांच्या घरांत राहत होते, शेजार होता, लग्नकार्ये होती, पण एकत्र ठरवण्याची जागा गेली आणि बांधणारे पुन्हा अर्जदार झाले. माझ्या भाषेच्या उपमेची ही दुसरी, काळी बाजू आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये लिहिले ते थोडक्यात असे की माणूस ना समाजशील आहे ना राजकीय. तो भित्रा आणि हावरा आहे, आणि वर दंडा नसेल तर प्रत्येक जण प्रत्येकाच्या जिवावर उठेल. आपल्याकडे याला मत्स्यन्याय म्हणतात आणि महाभारताच्या शांतिपर्वापासून कौटिल्यापर्यंत सगळ्यांनी राजाची गरज त्यावरूनच सिद्ध केली आहे. (बौद्धांच्या अग्गञ्ञसुत्तातली कथा जरा निराळी: तिथे भाताची चोरी व्हायला लागल्यावर लोकच जमतात आणि भाताचा वाटा देऊन एकाला राखण करायला निवडतात. दंडा तोच, पण तो कुणी कुणाच्या हाती दिला ते तिथे स्पष्ट आहे.) १९४७ ची दिल्ली हॉब्जच्या बाजूने साक्ष देईल असे वाटते. सप्टेंबरात पहाडगंज, करोलबाग, सब्जीमंडीत कत्तली झाल्या, आणि शहरातले मुसलमान पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात जीव मुठीत धरून बसले. पण बारकाईने पाहिले तर ही प्रत्येकाची प्रत्येकाशी लढाई नव्हती. एकटा माणूस क्वचितच कुणाला मारायला निघाला. जमाव निघाला, आणि जमावाला बांधणारा धागा अगदी सामाजिकच होता: आपली माणसे, आपली मेलेली माणसे, आपल्यांचा सूड. समाजशीलतेची उबदार बाजू आपण नेहमी सांगतो. 'आपले' म्हणायला 'परके' लागतात, हे सांगायचे विसरतो. मत्स्यन्यायात मासे एकेकटे असतात. माणसांत ते थव्याने येतात.

आणि ती आग विझली कशी? लष्कर आले, पोलीस आले, हे खरेच. पण १३ जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात गांधींनी उपोषण सुरू केले ते सोडण्यासाठी त्यांना दंडा नको होता, करार हवा होता. राजेंद्रप्रसादांच्या घरी शांतता समितीच्या बैठका झाल्या. हिंदू, शीख, मुसलमान संघटनांचे आणि सरकारचे शंभरावर प्रतिनिधी जमले. १८ तारखेला ज्या कागदावर सह्या झाल्या त्यात 'प्रेमाने राहू' एवढ्यावर भागवलेले नव्हते. मेहरौलीला ख्वाजा कुतुबुद्दीनचा उरूस पूर्वीसारखा भरेल. सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंजमध्ये मुसलमान निर्धास्त फिरतील. बळकावलेल्या मशिदी परत दिल्या जातील. परतणाऱ्यांना धंदा करू दिला जाईल. ठिकाणांची नावे, कामांची यादी, सह्या. पुण्याकडच्या जुन्या महजराशी याचे जवळचे नाते आहे. एकमेकांवर माया असलेल्या लोकांना असा कागद लागत नाही. माया आटली तेव्हाच तो लागला, आणि परक्यांशी ठरवून वागण्याची सोय माणसाकडे होती म्हणून तो निघू शकला. या आक्षेपाची दुसरी पायरीही आहे: १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात याच शहरात सरकारी आकड्यानुसार २७३३ माणसे मारली गेली, तेव्हा जमावाला चिथावणारे राजकारणीच होते ना? एका माजी खासदाराला त्यासाठी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. होय, होते. राजकीय असणे म्हणजे चांगले असणे, असे मी कुठेच म्हटलेले नाही. बोलता येणारा प्राणीच खोटे बोलू शकतो, त्याचप्रमाणे ठरवता येणारा प्राणीच कट करू शकतो. पण कटातही जमाव गोळा करायला वापरले गेले ते 'आपले-परके' हेच जुने नाणे, हे लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप रोजचा आहे आणि तो सज्जन माणसांकडून येतो. बहुतेकांना राजकारणात रस नसतो, त्यांना शांतपणे जगायचे असते. मग ते जन्मजात कसे? याचे उत्तर दिल्लीच्या वसाहतींच्या लोखंडी फाटकांवर टांगलेले आहे. रहिवासी कल्याण संघ, बोलीत आरडब्ल्यूए, हे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात आणि 'आम्ही बिगर-राजकीय' हे त्यांचे ब्रीद असते. काम काय? रात्री कोणते फाटक बंद ठेवायचे, कामवाल्या बाईने कोणत्या ओळखपत्रावर आत यायचे, फेरीवाला किती वाजेपर्यंत थांबू शकतो, भाडेकरूला मत असावे का. रस्ता सरकारचा, त्यावर फाटक संघाचे. सार्वजनिक जागेवर कुणाचा अधिकार चालेल हे ठरवणे याला राजकारण म्हणायचे नसेल, तर मग कशाला म्हणायचे? २००० साली शीला दीक्षित सरकारने 'भागीदारी' योजना काढून या संघांना अधिकाऱ्यांसमोर खुर्ची दिली. सुरुवातीला ती खुर्ची नियोजित, अधिकृत वसाहतींनाच होती. अनधिकृत वसाहती आणि झोपडवस्त्या बाहेर. परिणाम असा की ज्यांना 'राजकारण नको' होते ते थेट सचिवालयात बोलू लागले, आणि ज्यांना पाण्याच्या टँकरसाठी नगरसेवक, प्रधान, आमदार यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, त्यांना 'मतपेढी' म्हणून हिणवले गेले. २००५ मध्ये वीजदरवाढ झाली तेव्हा मात्र याच संघांनी वाढीव रक्कम भरायची नाही असे ठरवले, वसाहती-वसाहतींत सभा घेतल्या आणि सरकारला माघार घ्यायला लावली. फाटक लावताना ते समाज होते. बिल न भरायचे ठरवताना, स्वतःच्या फाटकाबाहेरच्या माणसांशी हात मिळवताना, ते नागरिक झाले. मध्यमवर्गाला राजकारण आवडत नाही असे नाही. त्याला ते राजकारण या नावाने केलेले आवडत नाही.

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या दिल्लीच्या वेशींवर नव्या कृषी कायद्यांविरुद्ध शेतकरी येऊन बसले, तेव्हा समाज आणि राजकारण यांची शिवण पुन्हा उघडी पडली. ट्रॉल्यांत गाद्या, लंगरची कढई, पोळ्या करणारी यंत्रे, दवाखाना, वाचनालय, 'ट्रॉली टाइम्स' नावाचे वर्तमानपत्रसुद्धा. नाशिकहून डिसेंबरात निघालेला वाहनांचा जथा राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर शाहजहाँपूरला पोहोचला. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लंगरचे कौतुक केले आणि मागण्यांना नाके मुरडली. जणू भाकरी पवित्र आणि ठराव मलीन. पण लंगर चालू राहिला तो संयुक्त किसान मोर्चातल्या डझनावारी संघटनांनी, ज्यांचे आपसात अनेक वर्षांचे वाकडे होते, रोज बसून ठरवले म्हणून: चर्चेला कोण जाणार, मंचावर कोण बोलणार, २६ जानेवारीच्या गोंधळानंतर कुणाला बाहेर काढायचे. सरकारशी अकरा फेऱ्या झाल्या. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली आणि डिसेंबरात माणसे घरी गेली. ज्यांच्या परवानगीशिवाय हे घडले नसते त्या हरियाणा-उत्तर प्रदेशातल्या खाप पंचायती, ज्या लग्नाच्या बाबतीत तरुणांना आपल्या मर्जीने ठरवू देत नाहीत, त्याही इथे होत्या. नात्याच्या सभेला एका वेशीवर लोकशाही कळते आणि दुसऱ्या वेशीवर कळत नाही, ही विसंगती गोतसभेच्या काळापासूनची आहे. मला ती या विषयातली सर्वांत अवघड गाठ वाटते.

ती गाठ ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिली तो मराठी माणूस पुढे दिल्लीतच राहत होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'वरच्या लेखी भाषणात आंबेडकरांनी १८९५ च्या मंडपाचे उदाहरण घेऊन विचारले होते की ज्यांना आपल्याच लोकांना पाणी भरू द्यायचे नाही, ते राज्य करायला लायक कसे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी उलट बाजूने तीच गोष्ट सांगितली: २६ जानेवारीपासून राजकारणात एक माणूस एक मत असेल, आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता तशीच राहील, ही विसंगती फार काळ पोसली तर राजकीय लोकशाहीच उडून जाईल. ॲरिस्टॉटलने 'निसर्गतः' म्हणून ज्यांना सभेबाहेर ठेवले, त्यांच्या बाजूने दिलेले हे उत्तर आहे. राजकीय असणे हा माणसाचा स्वभाव असेल, तर तो पाणवठ्यावर अडवलेल्याचाही स्वभाव आहे. आणि पाणवठा कुणाचा, हे ठरवणाऱ्यांत तो नसेल, तर तिथे निसर्ग नव्हे, कुणीतरी केलेला नियम आहे. ऐंशी-वीसच्या हिशेबात नेमके हेच दिसेनासे होते. पाणी कोण भरणार हा प्रश्न समाजकारणाच्या रकान्यात टाकला की तो दयेचा, सेवेचा, मतपरिवर्तनाचा होतो. राजकारणाच्या रकान्यात टाकला की हक्काचा. रकाना कोण निवडतो त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

फरिदाबादच्या त्या इस्पितळाची गोष्ट अजून उरली आहे. गावाच्या सहकारी संस्था गेल्या, विकास मंडळ गेले, ज्यांनी विटा रचल्या त्यांच्यातले बहुतेक गेले. डिसेंबर २०२० मध्ये, शेतकरी दिल्लीच्या वेशींवर असतानाच, हरियाणा सरकारने बादशाह खान रुग्णालयाला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्याचा आदेश काढला. फरिदाबादेत सरहद्दीहून आलेल्यांच्या मुलानातवंडांनी त्याला विरोध केला. रुग्णालय आमच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या हातांनी बांधले, त्यांनी निवडलेले नाव बदलायचे असेल तर आम्हाला विचारायला हवे होते, असे त्यांचे म्हणणे होते. खाटा, औषधे, डॉक्टर यांबद्दल त्या मागणीत काही नव्हते.